परतलेल्या प्रशिक्षकाची हिशेबवही

२००४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या राजधानीत एका त्रेसष्ट वर्षांच्या गृहस्थांच्या पुनरागमनाने जो आनंदकल्लोळ उसळला, तो एखाद्या निवडणुकीतील विजयालाही हेवा वाटावा असा होता. हे गृहस्थ कोणी राजकारणी नव्हते. ते होते जो गिब्ज, वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचे माजी प्रशिक्षक. १९९३ च्या मार्चमध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांनी या खेळाचा निरोप घेतला होता. त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षांनी ते त्याच संघाच्या त्याच पदावर परत येत होते. मधल्या काळात त्यांनी मोटारशर्यतींचा संघ उभारून तेथेही नाव कमावले होते. त्यांना पैशाची ददात नव्हती आणि मानसन्मानाचीही नव्हती. १९९६ मध्येच त्यांची या खेळाच्या कीर्तिमंदिरात प्रतिष्ठापना झाली होती. असे असता हा मनुष्य पुन्हा त्या रणधुमाळीत का उतरला, आणि उतरल्यावर त्याला काय आढळले, ही हकीकत केवळ खेळाच्या शौकिनांनीच वाचावी अशी नाही. एखाद्या विद्येत पारंगत असलेल्या मनुष्याच्या पाठीमागे त्या विद्येचा बाजारच बदलून गेला तर काय होते, याचा तो एक मोठा बोलका दाखला आहे.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला, म्हणजे गोव्यात किंवा कोलकात्यात खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे, तो फेकायचा, झेलायचा आणि प्रतिपक्षाची भिंत फोडून इंच इंच पुढे सरकायचे, असा तो खेळ. मैदानात एका वेळी अकराच जण असले तरी संघात त्रेपन्न खेळाडू असतात, कारण चढाई करणारे वेगळे आणि बचाव करणारे वेगळे. चढाईचा सूत्रधार क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गड्यांची फळी उभी असते. वर्तमानपत्रांत छायाचित्रे क्वार्टरबॅकची छापली जातात, परंतु जाणकार सांगतात की सामना जिंकते ती ही फळी. हे पाच जण एकाच मनाने हलले तर चेंडूवाल्याला वाट मिळते. एकाचे पाऊल चुकले की सारा डाव कोसळतो. आणि एका मनाने हलणे ही गोष्ट पैशाने विकत मिळत नाही. ती सवयीने येते, आणि सवय लागायला वर्षे लागतात.

गिब्ज यांची पहिली कारकीर्द या वर्षांच्या भांडवलावर उभी होती. १९८१ मध्ये ते चाळीस वर्षांचे असताना संघाचे मालक जॅक केंट कुक यांनी त्यांना नेमले. पहिले पाचही सामने ते हरले. आजचा मालक एवढ्यावरच नवा माणूस शोधू लागला असता, कुक थांबले. त्या मोसमाअखेर हिशेब आठ विजय आणि आठ पराभव असा बरोबरीत आला, आणि पुढच्याच मोसमात, म्हणजे १९८३ च्या जानेवारीअखेर, वॉशिंग्टनने मायामीला २७-१७ असे हरवून ‘सुपर बोल’ हा सर्वोच्च मान मिळवला. त्या सामन्यातील निर्णायक क्षण असा : शेवटच्या संधीत एक यार्ड हवा होता, तेव्हा तेहेतीस वर्षांचा जॉन रिगिन्स चेंडू घेऊन फळीच्या मागून निघाला आणि एकाऐवजी त्रेचाळीस यार्ड धावून गेला. जयजयकार रिगिन्सचा झाला. वाट मात्र फळीने करून दिली होती.

या फळीला ‘हॉग्ज’, म्हणजे डुकरे, असे नाव त्यांचे शिक्षक जो बुगेल यांनी थट्टेने ठेवले होते, आणि ते त्यांनी अभिमानाने मिरवले. त्यांपैकी जो जॅकोबी हा तर महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत कोणीच न घेतलेला मुलगा. तो १९८१ मध्ये आला आणि १९९३ पर्यंत वॉशिंग्टनमध्येच राहिला. रस ग्रिम त्याच वर्षी आला, अकरा मोसम खेळला. जेफ बॉस्टिक १९८० पासून १९९३ पर्यंत. चेंडू झेलणारा आर्ट मंक चौदा मोसम. गिब्ज यांनी तीन अजिंक्यपदे मिळवली ती तीन निरनिराळ्या क्वार्टरबॅकना घेऊन : १९८२ च्या मोसमात जो थाइझमन, १९८७ च्या मोसमात डग विल्यम्स आणि १९९१ च्या मोसमात मार्क रिपिन. अशी किमया दुसऱ्या कोणा प्रशिक्षकाला साधलेली नाही. सूत्रधार बदलत गेला, फळी तीच राहिली, आणि फळीला शिकवणारे बुगेलही त्यातील पुष्कळ वर्षे तेच होते. गिब्ज स्वतः आठवड्यातील कित्येक रात्री कार्यालयातच काढत, तेथेच कोचावर झोपत आणि चित्रफिती पाहून पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करत. बारा मोसमांत १२४ विजय आणि ६० पराभव, ही त्यांच्या पहिल्या पर्वाची जमाखर्चाची शेवटची ओळ.

परंतु हे स्थैर्य कशावर उभे होते? येथे आपल्याला त्या सुवर्णयुगाच्या तळघरात डोकावले पाहिजे, आणि तेथील दृश्य तितकेसे रम्य नाही.

त्या काळी करार संपला तरी खेळाडू खऱ्या अर्थाने मोकळा होत नसे. १९६३ पासून ‘रोझेल नियम’ म्हणून ओळखला जाणारा एक दंडक होता. त्यान्वये कराराबाहेर पडलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाने घेतले, तर त्या संघाने पहिल्या संघाला भरपाई द्यायची, आणि ती भरपाई किती हे क्रीडामंडळाचे आयुक्त पीट रोझेल ठरवणार. भरपाईचा आकडा आधी कळायचा नाही, म्हणून कोणी संघ त्या वाटेला जायचाच नाही. १९७६ मध्ये न्यायालयाने हा नियम बेकायदा ठरवला. तथापि पुढच्याच वर्षीच्या करारात भरपाईची दुसरी तरतूद मागच्या दाराने आत आली. ती किती जाचक होती पाहा. १९८८ मध्ये वॉशिंग्टनने शिकागोचा विल्बर मार्शल पाच वर्षांसाठी ६० लक्ष डॉलर देऊन आपल्याकडे आणला, तेव्हा शिकागोला पुढील वार्षिक निवडींतले पहिल्या फेरीचे दोन हक्क तोडून द्यावे लागले. असा व्यवहार त्यापूर्वी अकरा वर्षांत झाला नव्हता!

सारांश, गिब्ज यांची फळी दहा वर्षे एकत्र राहिली याचे श्रेय जितके त्यांच्या शिकवण्याला आहे, तितकेच त्या गड्यांना दुसरीकडे जाण्याची वाट बंद होती या वस्तुस्थितीलाही आहे. खेळाडूंनी १९८२ मध्ये सत्तावन्न दिवसांचा संप केला. १९८७ मध्ये पुन्हा केला, तेव्हा मालकांनी बदली खेळाडू उभे करून तीन सामने खेळवले. (वॉशिंग्टनच्या बदली संघाने ते तिन्ही जिंकले आणि त्यांच्यामुळेच त्या मोसमाचे अजिंक्यपद सुकर झाले, त्या विसरलेल्या गड्यांना विजयाची अंगठी मिळाली ती २०१८ मध्ये, एकतीस वर्षांनी.) संपाने जे साधले नाही ते अखेर न्यायालयात साधले. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये मिनियापोलिसच्या ज्यूरीने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला आणि १९९३ मध्ये नवा करार झाला. ठरावीक वर्षे खेळलेला आणि करार संपलेला खेळाडू आता खरोखर मोकळा झाला. त्याच वसंत ऋतूत रेजी व्हाइट हा नामवंत बचावपटू चार वर्षांच्या १ कोटी ७० लक्ष डॉलरांवर ग्रीन बे या लहानशा गावच्या संघात गेला आणि साऱ्या देशाला बदलाची जाणीव झाली.

मालकांनी या स्वातंत्र्याची किंमत म्हणून आपली एक अट मान्य करून घेतली. प्रत्येक संघाने वर्षभरात सर्व खेळाडूंवर मिळून किती खर्च करावा यावर कमाल मर्यादा, म्हणजेच वेतनमर्यादा. १९९४ मध्ये ती ३ कोटी ४६ लक्ष डॉलर होती. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीला जसे बंधन असते, त्याच जातीची ही कल्पना. मालक कुबेर असला तरी त्याला शेजाऱ्यापेक्षा अधिक मोठी थैली उघडता येत नाही.

आपल्यापैकी ज्यांची घराणी इंदूर वा बडोद्याची आहेत, त्यांना या अटीचा अर्थ चटकन उमजेल. यशवंतराव होळकरांच्या आश्रयाने सी. के. नायडू, मुश्ताक अली यांच्यासारखे खेळाडू इंदुरास एकत्र झाले आणि होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. बडोदेकरांनी सांगलीच्या विजय हजाऱ्यांना आपल्याकडे आणले. गुणी माणसे हेरणारा आणि त्यांचा योगक्षेम चालवणारा आश्रयदाता, आणि म्हणून वर्षानुवर्षे एकत्र राहणारा संघ! उद्या कोणी म्हटले असते की इंदूरने अमुकच रुपये खर्चावेत आणि कर्नल नायडूंनी दर चार वर्षांनी हवे त्या संस्थानात जावे, तर तो संघ घडला असता काय? संस्थाने विलीन झाली, आणि काही वर्षांतच तो संघही इतिहासजमा झाला. जॅक केंट कुक हे गिब्ज यांचे असे आश्रयदाते होते.

गिब्ज गेले त्याच वर्षी हे सारे सुरू झाले, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. त्यांचा पट त्यांच्या पाठीमागे भराभर उधळला. गॅरी क्लार्क १९९३ मध्येच फीनिक्सला गेला. चौदा मोसम एकाच गणवेशात काढलेला आर्ट मंक १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेट्स संघात दिसला. अजिंक्यपद मिळवून देणारा रिपिनही त्याच वर्षी संघाबाहेर पडला. कुक १९९७ मध्ये निवर्तले. १९९९ मध्ये डॅनियल स्नायडर या चौतीस वर्षांच्या धनाढ्य उद्योजकाने ८० कोटी डॉलरांना संघ विकत घेतला आणि दुकानातला माल उचलावा तसे नामांकित, पण वयाने उतरणीला लागलेले खेळाडू गोळा केले. डीऑन सँडर्स या ताऱ्याशी २००० मध्ये सात वर्षांचा, ५ कोटींहून अधिक डॉलरांचा करार झाला. तो वॉशिंग्टनसाठी खेळला एकच मोसम. गिब्ज यांच्या पश्चात अकरा मोसमांत हा संघ बाद फेरीत पोहोचला फक्त एकदा.

अशा स्थितीत स्नायडर यांनी गिब्ज यांच्या घराचा उंबरठा झिजवला, आणि ते आले. प्रशिक्षक म्हणून तर आलेच, शिवाय संघाचे अध्यक्ष म्हणूनही आले. म्हणजे कोणाला ठेवायचे, कोणाला घालवायचे आणि कोणाला किती द्यायचे, यावर शेवटचा शब्द आता त्यांचा. पहिल्या पर्वात या कामाचा बराचसा भार बॉबी बेथर्ड आणि नंतर चार्ली कॅसर्ली हे व्यवस्थापक वाहत. मतभेद झाले तर वरून निवाडा करायला कुक होते. दुसऱ्या पर्वात वाद घालणारे कोणी उरले नाही. माझ्या मते त्यांच्या पुढील अडचणींचे मूळ वेतनमर्यादेपेक्षा या एकाधिकारातच अधिक होते. गुरूने हिशेबनीसही व्हावे आणि त्या हिशेबाचा तपासनीसही व्हावे, हे कोणत्याही संस्थेत चांगले नाही.

त्यांनी बुगेल यांना परत बोलावले. आणखीही काही जुने सहकारी आले. खेळाडूंमध्ये मात्र त्यांना ओळखणारे कोण होते? रे ब्राऊन नावाचा एक फळीतला गडी १९८९ पासून वॉशिंग्टनमध्ये होता. मग मोकळा होऊन तो सॅन फ्रान्सिस्को, डेट्रॉइट असा फिरून आला होता. २००४ मध्ये संघाचा एक तरुण फळीवाला सरावाच्या पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला आणि एक्केचाळीस वर्षांच्या या ब्राऊनला पुन्हा मैदानात उभे राहावे लागले. गुरूची भाषा कळणारा वर्गात एकच विद्यार्थी, आणि तोही निवृत्तीच्या वयाचा!

आता हिशेबाकडे वळू, कारण या कथेतील खरी गोम तेथेच आहे. २००४ मध्ये वेतनमर्यादा सुमारे ८ कोटी ६ लक्ष डॉलर होती. या मर्यादेत राहून महागडे खेळाडू घेण्याची एक युक्ती आहे. समजा, एका खेळाडूला सात वर्षांच्या करारावर सही करताना ७० लक्ष डॉलर रोख दिले. पैसे त्याच्या हातात आजच पडले. परंतु मर्यादेच्या हिशेबात ते त्या काळी दर वर्षी दहा लक्षप्रमाणे सात वर्षांत विभागून लिहिता येत. आजचा भार हलका दिसतो. मात्र तो खेळाडू दोन वर्षांनी नकोसा झाला, तर उरलेले पन्नास लक्ष डॉलर एकदम अंगावर येतात. मनुष्य गेला, त्याचा पैसा पाठीमागे राहिला. अमेरिकेत याला ‘मेलेला पैसा’ म्हणतात. आपल्याकडे सावकाराकडून कर्ज काढून लग्ने साजरी करणाऱ्यांना याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज पडू नये.

गिब्ज यांनी पहिल्याच वर्षी हा मार्ग धरला. चौतिशीकडे झुकलेल्या मार्क ब्रुनेल या क्वार्टरबॅकसाठी त्यांनी जॅक्सनव्हिलला निवडीचा एक हक्क दिला आणि त्याच्याशी सात वर्षांचा, ४ कोटी ३० लक्ष डॉलरांचा करार केला. चँप बेली हा अव्वल बचावपटू करार संपल्यामुळे अस्वस्थ होता; तो आणि वर दुसऱ्या फेरीचा एक हक्क डेन्व्हरला देऊन त्यांनी क्लिंटन पोर्टिस हा धावपटू आणला. पोर्टिसने वॉशिंग्टनसाठी चेंडू हाती घेतला तो पहिल्याच खेपेला चौसष्ट यार्ड धावून गेला. लोकांना वाटले, रिगिन्सचे दिवस परत आले. पण तो चपळ, सडपातळ अंगाचा गडी होता. भिंत फोडणारा नव्हे, फट शोधणारा. ब्रुनेलला नऊ सामन्यांनंतर बसवावे लागले. बचावाची बाजू उत्तम होती, तिने साऱ्या देशात तिसरा क्रमांक मिळवला. चढाईच लंगडी पडली. मोसमाअखेर सहा विजय, दहा पराभव. पहिल्या पर्वाच्या बारा वर्षांत गिब्ज यांनी असा मोसम कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या वर्षी चेंडू झेलणारा लव्हर्नियस कोल्स मला येथे राहायचे नाही म्हणू लागला. त्याला घालवून जेट्सकडून सँटाना मॉस आणला, पण कोल्सच्या मागे राहिलेले सुमारे ९० लक्ष मेलेले डॉलर हिशेबात सोसावे लागले. मर्यादेच्या जवळजवळ नवव्या हिश्शाइतकी ही रक्कम मैदानात कधीच उतरली नाही. मॉस मात्र सोने निघाला. त्या मोसमातील डॅलसविरुद्धच्या सामन्यात शेवटची चार मिनिटे उरेपर्यंत वॉशिंग्टनचा एकही गुण नव्हता; ब्रुनेलने मॉसला दोन लांब फेकी दिल्या आणि सामना १४-१३ असा फिरला. मोसमातील शेवटचे पाच सामने ओळीने जिंकून संघ १०-६ अशा हिशेबाने बाद फेरीत गेला आणि तेथे टॅम्पा बेलाही हरवून आला. म्हातारा अजून विसरला नाही, असे लोक म्हणू लागले.

परंतु त्याच २००५ मध्ये अँटोनियो पिअर्स न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला होता, आणि पुढच्या वर्षी रायन क्लार्क पिट्सबर्गकडे गेला. ही दोन नावे मुद्दाम देतो. दोघेही वार्षिक निवडीत कोणी न विचारलेले खेळाडू, म्हणजे जातकुळीने जॅकोबीचेच भाऊ. पिअर्सने तर पहिले पाऊल वॉशिंग्टनमध्येच टाकले होते. दोघेही तेथे तयार झालेले आणि स्वस्त. पहिल्या पर्वातील गिब्ज यांनी अशा मुलांची फळी उभी केली होती. क्लार्कला जाऊ दिले आणि त्याच्या जागी त्या जागेवरील देशातल्या सर्वांत महागड्या खेळाडूंपैकी एक, अॅडम आर्कुलेटा, आणला. त्याला अर्ध्या मोसमातच बसवले गेले आणि वर्षभरात सहाव्या फेरीच्या एका हक्कावर तो शिकागोला रवाना झाला. पिअर्सने २००८ मध्ये जायंट्सबरोबर आणि क्लार्कने २००९ मध्ये पिट्सबर्गबरोबर सुपर बोल जिंकला. २००६ चा वॉशिंग्टनचा मोसम पाच विजय आणि अकरा पराभवांचा ठरला. मर्यादा त्या वर्षी १० कोटी २० लक्ष झाली होती. थैली मोठी झाली, पण संघ लहान झाला.

नवी पद्धती मुळातच जुन्या गुरूंना मारक होती, असे म्हणावे तर डिक व्हर्मील यांचे उदाहरण आडवे येते. तेही चौदा वर्षांच्या खंडानंतर १९९७ मध्ये परतले, तेही साठीतच होते, आणि पहिली दोन वर्षे त्यांचीही दैना झाली. मग त्यांनी सराव सैल केला, तरुणांचे ऐकले. १९९९ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनचाच ट्रेंट ग्रीन हा मोकळा झालेला क्वार्टरबॅक आणला. तो जायबंदी झाला, तेव्हा कधीकाळी किराणा दुकानात फळ्यांवर माल लावणारा कर्ट वॉर्नर पुढे आला आणि सेंट लुईस अजिंक्य ठरले. दैवाचा वाटा होताच. पण वॉर्नर हा त्यांच्याकडे आधीपासून होता, विकत आणलेला तारा नव्हता, हेही विसरून चालणार नाही.

सरकारी शाळेचा मुख्याध्यापक या नात्याने हे लिहिताना मला दर वर्षीचा जून महिना आठवल्यावाचून राहत नाही. गणिताचा शिक्षक आणि विज्ञानाचा शिक्षक यांची जोडी जमते, मुले फुलू लागतात, आणि बदल्यांचे आदेश येतात. त्या वेळी वाटते, माणसे दहा वर्षे एका जागी ठेवण्याचा अधिकार आपल्याला असता तर! परंतु बदली मागून घेतलेला शिक्षक निरोपाच्या दिवशी आपल्या वृद्ध आईवडिलांच्या गावी जायला मिळाले म्हणून डोळ्यांत पाणी आणतो, तेव्हा ते ‘असते तर’ तोंडातून बाहेर पडत नाही. जॅकोबी आणि ग्रिम दहा वर्षे राहिले हे आपल्याला गोड वाटते. राहायचे की जायचे हे त्यांना कोणी विचारले नव्हते. गिब्ज यांच्या दुसऱ्या पर्वातले अपयश पाहून जुनी व्यवस्था चांगली होती असे उसासे टाकणारे पुष्कळ आहेत. त्या उसाशांत मला सूर मिळवता येत नाही. जॅकोबीने राहावे म्हणून त्याच्या पायात बेडी असावी, असे मनापासून कोण म्हणेल?

चौथे वर्ष २००७. गिब्ज यांनी परतल्यावर वार्षिक निवडीत पहिला घेतलेला मुलगा शॉन टेलर हा होता. हूड, अबोल, प्रारंभी शिस्तीला न जुमानणारा. तीन वर्षांत तो निवळला, बाप झाला, आणि देशातील उत्कृष्ट बचावपटूंत गणला जाऊ लागला. विकत न आणता घरात वाढवलेला हा गडी गिब्ज यांच्या जुन्या पद्धतीचे फळ होते. २६ नोव्हेंबरच्या पहाटे त्याच्या मायामीजवळच्या घरात चोर शिरले आणि त्यांनी त्याला गोळी घातली. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय चोवीस.

पाच दिवसांनी बफेलोविरुद्ध सामना होता. बचावाच्या पहिल्या डावाला वॉशिंग्टनचे दहाच खेळाडू मैदानात उतरले. अकरावी जागा रिकामी ठेवली होती. शेवटच्या क्षणी बफेलोच्या खेळाडूला जिंकण्यासाठी एक्कावन्न यार्डांवरून चेंडू लाथाडायचा होता. त्याचे चित्त विचलित व्हावे म्हणून गिब्ज यांनी खेळ थांबवला, आणि लगेच पुन्हा थांबवला. ओळीने दुसऱ्यांदा असे थांबवणे नियमात बसत नव्हते. पंधरा यार्डांचा दंड झाला, अंतर छत्तीस यार्डांवर आले, आणि सामना १७-१६ असा गेला. तो नियम आपल्याला ठाऊक नव्हता, हे गिब्ज यांनी सर्वांसमक्ष सांगितले. दुसऱ्या दिवशी सारा संघ टेलरच्या अंत्यविधीला फ्लोरिडात गेला.

यानंतर जे घडले त्याला वेतनमर्यादेच्या वहीत रकाना नाही. शिकागोविरुद्धच्या पुढच्याच सामन्यात क्वार्टरबॅक जेसन कँपबेल जायबंदी झाला. त्याच्या जागी उतरला टॉड कॉलिन्स, ज्याने १९९७ नंतर एकाही सामन्याची सुरुवात केली नव्हती. शिकागो, न्यूयॉर्क जायंट्स, मिनेसोटा, डॅलस, असे उरलेले चारही सामने वॉशिंग्टनने जिंकले. निरनिराळ्या संघांतून, निरनिराळ्या भावांनी आलेली ती माणसे त्या महिन्याभरात एका मनाने हलली. डॅलसला त्यांनी २७-६ असे हरवले. फरक एकवीस गुणांचा. टेलरच्या सदऱ्यावर एकवीस हाच आकडा असे.

बाद फेरीत सिएटलने त्यांना ३५-१४ असे हरवले. ८ जानेवारी २००८ रोजी, कराराचे एक वर्ष शिल्लक असताना, गिब्ज यांनी कुटुंबीयांसाठी वेळ हवा म्हणून राजीनामा दिला. चार वर्षांचा हिशेब : तीस विजय, चौतीस पराभव. ते मोटारशर्यतींकडे परतले, तेथे त्यांच्या संघाने आणखी अजिंक्यपदे मिळवली, आणि २०२० मध्ये त्या खेळाच्याही कीर्तिमंदिरात त्यांना स्थान मिळाले. मूळ रहिवाशांना अवमानकारक वाटणारे रेडस्किन्स हे नाव वॉशिंग्टनच्या संघाने त्याच वर्षी टाकले; २०२२ पासून तो कमांडर्स म्हणून खेळतो. वेतनमर्यादा २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लक्ष डॉलरांवर गेली. गिब्ज गेल्यावर बुगेल मात्र लगेच गेले नाहीत. आणखी दोन मोसम ते रोज सकाळी मैदानावर येऊन नव्या पोरांना फळीत उभे राहायला शिकवत होते.